साळवीकाकांचं फ्रेंच

आमचे साळवीकाका लिफ्टमध्ये टाळ्या वाजवतात. भजनाच्या नव्हे, फ्रेंच क्रियापदांच्या. 'नू पार-लों' म्हणजे आपण बोलतो. 'पार'ला एक टाळी, 'लों'ला दुसरी. आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आधीच रडतखडत चढते, त्यात हे.

काका डोंबिवली एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. फ्रेंच त्यांना चिकटलं माझ्या मुलीमुळे. तन्वीने नववीत मार्कांसाठी फ्रेंच घेतलं. काका एकदा विरजण मागायला आले आणि तिचं जुनं पुस्तक घेऊन गेले. आता मोबाईलवर ऐकून ऐकून तेच तिला शिकवतात. तिने शब्दाची शेवटची अक्षरं उच्चारली की दारातूनच, "अगं, लिहिलंय म्हणून बोलायचं नसतं."

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे मी कुणालाही सांगते. मी विचारलं, मग ती अक्षरं छापलीत कशाला? काका म्हणाले, "शोभेला."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीची गळती हा विषय चालू असताना त्यांनी सेक्रेटरींना तीन टाळ्यांत 'वू फि-नि-से' म्हणायला लावलं. म्हणजे, तुम्ही संपवता. सेक्रेटरींनी खरंच मीटिंग संपवली. टाकी अजून गळते.

तेही सोसलं. पण तन्वीच्या परीक्षेच्या आठवड्यात पहाटेपासून भिंतीपलीकडे टाळ्या सुरू झाल्या, तेव्हा मी तावातावाने त्यांच्या दारात गेले.

दार लोटलेलं होतं. आत पलंगावर काकू. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा आवाज बिल्डिंगमध्ये कुणी ऐकला नव्हता. काका त्यांचा तळहात आपल्या हातावर वाजवत होते आणि काकू म्हणत होत्या, "पार... लों."

मला पाहताच त्या गप्प झाल्या. काकांनी मला बाजूला घेतलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शब्द तोडून बोलायला लावा. मराठीत लावलं. पण मुलाचं नाव अडकलं तेव्हा एवढी रडली, की बोलणंच सोडलं तिने. फ्रेंच आम्हा दोघांनाही येत नाही ना. तिथे चुकलं तर लाज नाही वाटत."

भांडायला काढलेला आवाज आता ठेवू कुठे? पलंगावरचं पुस्तक उचललं. 'आपण गातो' असं पेन्सिलीने लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि दिसलं तसं इंग्रजीसारखं खणखणीत वाचलं, "नाउस चँटन्स."

काकूंनी डोळे मोठे केले. ओठ जुळवायला वेळ लागला. "शां... तों," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तोंड एकाच बाजूने हललं, पण चांगलं आवाज करून हसल्या.

काका मला दारापर्यंत सोडायला आले. डोळे पुसत हळूच म्हणाले, "मुद्दाम चुकलीस ना गं?"

मी मुद्दाम चुकले नव्हते. पण हो म्हटलं.