दुखण्याचा योग्य अर्जदार

दुसऱ्याचं दुखणं सहन करण्याची ताकद मनुष्यप्राण्यात अफाट असते. बेलवलीतल्या एका प्रसूतिगृहाने एकोणीसशे चौऱ्याण्णव साली या ताकदीचा शास्त्रशुद्ध उपयोग सुरू केला.

त्याचं असं झालं. प्रसूतिगृहाचे मालक डॉ. दिनानाथ मुंबईला एका परिषदेला गेले. विषय होता, सिझेरियननंतर गुंगीची इंजेक्शनं कमी कशी करावीत. पहिल्या वक्त्याने सांगितलं, इंजेक्शनं कमी करा. दुसरा सांगणार होता, की त्याऐवजी साध्या वेदनाशामक गोळ्या घड्याळ लावून द्या, बाई कळवळेपर्यंत थांबू नका. पण मध्ये जेवणाची सुट्टी झाली, जेवणात बासुंदी होती, आणि डॉक्टर अर्धं ज्ञान घेऊन परतले. (तेवढं मात्र त्यांनी पूर्ण अमलात आणलं.)

इंजेक्शनं बंद झाली. गोळ्या कपाटात राहिल्या, आणि त्या ऊठसूट कुणालाही मिळू नयेत म्हणून नियम झाले. बाळंतीण स्वतःच दुखण्यात गुंतलेली असल्याने तिचं मत निःपक्षपाती धरता येत नाही. सबब दुखतं की नाही, हे सोबतच्या जबाबदार नातेवाइकाने कळवावं. समाधान न झाल्यास तक्रारवही वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे. सहा महिन्यांत सत्तेचाळीस सिझेरियन झाली, लेखी तक्रारी शून्य. (जिन्याला एकोणीस पायऱ्या.)

उमा अठ्ठेचाळिसावी. पोटावर ताजे टाके, पाळण्यात भुकेनं रडणारं बाळ. नुसतं कुशीवर वळायचं म्हटलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिला फार काही नको होतं हो. उठून बसायचं होतं आणि बाळाला नीट पदराखाली घ्यायचं होतं.

तिच्या जबाबदार नातेवाईक म्हणजे सासूबाई, मालिनीबाई. त्यांनी कळवलं, "हिला कळा कुठे आल्यात? आयतं बाळ हातात मिळालं. थोडं दुखू दे की आता." ज्या कळा आधी आल्या नाहीत त्या नंतर सोसून टाकाव्यात, हा युक्तिवाद डॉक्टरांनाही बिनतोड वाटला.

उमाने नवऱ्याकडे बघितलं. गुरुदत्त रंगाच्या कारखान्यात अधिकारी, हाताखाली सोळा माणसं. तो म्हणाला, "मला यातलं काय कळतंय? आईला तीन मुलं झालीत." आणि कपाळ चोळत बसला. बाळाच्या रडण्याने सकाळपासून त्याचं डोकं चढलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. "साहेब, डोकं दुखतंय का?" त्यांनी काळजीने विचारलं, स्वतः कपाट उघडलं आणि दोन गोळ्या गुरुदत्तच्या हातावर ठेवल्या. सही मागितली नाही, नातेवाईक विचारला नाही.

उमाला असा संताप आला, की ती टाक्यांसकट अर्धी उठली. डॉक्टरांची पाठ वळताच म्हणाली, "अहो, त्या गोळ्या इकडे द्या. आणि दर सहा तासांनी डोकं दुखवून घ्या."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"माझं खरंही चालत नाही. तुमचं खोटं चालेल."

गुरुदत्तने गुपचूप गोळ्या दिल्या. मांजर्लीहून कामाला येणाऱ्या आया वेणूबाईंनी सगळं बघितलं. मग वेळ झाली की त्या दारातून आठवण द्यायच्या, "सायेब, सा वाजले. कपाल धरा." साहेब कपाळ धरायचे, कपाट उघडायचं.

तिसऱ्या दिवशी उमा उठून बसली आणि बाळ पोटभर प्यायलं. केसपेपरवर नोंद झाली: 'रुग्ण कोणत्याही औषधाविना उत्तम. पतीची डोकेदुखी जुनाट. चष्म्याचा नंबर तपासावा.' पुढच्या परिषदेत डॉक्टरांनी हेच उदाहरण मांडलं, टाळ्या मिळवल्या आणि परत आल्यावर बाळंतिणींच्या गोळ्याही बंद करून टाकल्या. मालिनीबाई कॉलनीभर सांगत होत्या, "आमच्या सूनबाईने एक गोळी घेतली नाही हो." हे ऐकून शेजारच्या मीनलच्या सासूनेही तिचं नाव तिथेच घातलं. मीनलला सातवा होता. उमाने तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि एवढंच सांगितलं, "जाताना नवऱ्याचं डोकं बरोबर ने."

मुलगा झाला की मुलगी, हे अजून सांगितलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. उमाचे टाके दुखायचे कधी थांबले, तेही सांगितलेलं नाही.