आईच्या हसण्यावरील विधायक सूचना

हौशी छायाचित्रकार मंडळाच्या बैठकीत ‘छान’ हा शब्द उच्चारण्यास सक्त मनाई होती. नुसती स्तुती आळशी असते आणि नुसती निंदा असभ्य, असे अध्यक्ष म्हणत. ते शाळा तपासनीस होते. नोकरीतून ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. म्हणून दर रविवारी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत सभासद जमत, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या फोटोचा आधी एक गुण सांगून मग एक विधायक सूचना करायची, असा शिरस्ता होता. सूचना अमलात आणल्याशिवाय फोटो वार्षिक प्रदर्शनात लागत नसे. देवाने माणसाला दोन कान आणि एकच तोंड दिले, ही चूक मंडळाने आपल्यापुरती दुरुस्त करून घेतली होती.

चष्म्यांचे दुकान चालवणारा एक सभासद होता; त्या चष्मेवाल्याला यात काही वावगे वाटत नसे. त्यानेही वर्षभर सढळ हाताने सूचना वाटल्या होत्या. एका सभासदाच्या फोटोतला सूर्य जरा उशिरा मावळला असता तर बरे झाले असते, हे त्याचेच मत.

पण या खेपेस फोटो त्याचा होता, आणि फोटोत त्याची आई होती. वडील गेल्यापासून आई हसली नव्हती. जेवायची, बोलायची, सुनेच्या चुकाही काढायची, पण हसू म्हणून नाही. मग एका सकाळी ती खिडकीशी खुर्चीत बसून मटार सोलत असताना चष्मेवाला कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकला आणि फरशी पुसायच्या बादलीत त्याचा पाय गेला. आई तोंड उघडे टाकून, पोट धरून हसली. तोल जाता जाता त्याचे बोट दाबले गेले आणि तो फोटो निघाला. “आई, हा प्रदर्शनात भिंतीवर लागणार,” त्याने सांगून टाकले. “माझं थोबाड बघायला कोण येतंय,” आई म्हणाली, आणि दुपारी तिने ठेवणीतले कपडे उन्हात टाकले.

बैठकीत फोटो फिरला. त्या दिवशी नव्यानेच आलेली एक परिचारिका म्हणाली, “किती छान.” अध्यक्षांनी तिला नियम समजावून सांगितला आणि खुर्ची मागच्या रांगेत घ्यायला लावली.

फरशीवाल्या कंत्राटदाराने सुरुवात केली. मटारांचा हिरवा रंग त्याला फार भावला; मात्र खिडकीची चौकट तिरकी होती. त्याच्या धंद्यात असली चौकट कोणी चालवून घेतली नसती. पाय बादलीत असल्यामुळे असे झाले, हा खुलासा इतिवृत्तात घेण्यात आला नाही. चष्मेवाल्याने घरी जाऊन चौकट सरळ केली, त्यात आईचा एक कान आणि मटार कापले गेले.

पुढच्या रविवारी दातांच्या डॉक्टरांची पाळी आली. हास्य मनमोकळे आहे, ते म्हणाले, परंतु वरचा एक दात नसल्याने नजर तिथेच अडकते. तोंड मिटूनही हसता येते. चष्मेवाल्याने आईला पुन्हा खिडकीशी बसवले आणि मिटल्या तोंडाने हसायला सांगितले. आईने ओठ आवळले. फोटोत ती पोटात कळ आल्यासारखी दिसली.

“शिस्त आहे,” अध्यक्षांनी गुण सांगितला, “पण नैसर्गिकता हरवली. ती आणा.”

नैसर्गिकता आणण्यासाठी चष्मेवाल्याने बादली भरली, नेमक्या जागी ठेवली आणि मुद्दाम पाय घातला.

“आधी पाय पूस,” आई म्हणाली. “आणि ती बादली जागेवर ठेव.”

बायकोने त्याला बाजूला घेऊन विचारले, की पहिल्या फोटोत काय वाईट होते. त्याने तिला आधी प्रश्नाचा गुण सांगितला, मग प्रश्न कसा विचारायला हवा होता हे सुचवले. त्या रात्री त्याने स्वतःच वाढून घेतले.

अखेरच्या बैठकीत अध्यक्षांनी सगळे फोटो मांडले आणि बराच वेळ हनुवटी खाजवून निष्कर्ष काढला. खिडकी उत्तम, प्रकाश उत्तम, खुर्ची तर अप्रतिम. फक्त मधली व्यक्ती फोटोला कमकुवत करते आहे. कोणाचाच विरोध नव्हता. चष्मेवाल्याने तोंड उघडले, पण तोंडात आला तो ‘छान’ हाच शब्द, आणि त्याला बंदी होती.

प्रदर्शनात रिकाम्या खुर्चीला पहिले बक्षीस मिळाले. आई ठेवणीतले कपडे घालून आली. चौकटीसमोर उभी राहून तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मी कुठाय रे?”

तिची अनुपस्थितीच तिला अधिक ठळक करते, असे अध्यक्षांनी आदबीने समजावले. आईने त्यांच्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे, मग आपल्या लेकाकडे.

“अरे, मेल्यावर करायचं काम तुम्ही आधीच उरकलंत की.”

आणि ती हसली. तोंड उघडे टाकून, पोट धरून, पडलेल्या दातासकट. दालनात प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा होता. कंत्राटदार कुठली तरी सरळ रेषा शोधत राहिला, डॉक्टर नजर कुठे अडकते ते बघत राहिले. चष्मेवाल्याने मात्र चपळाईने कॅमेरा डोळ्याला लावला. तीच आई होती, तेच हसू होते.

“आई, थांब,” तो म्हणाला, “जरा डावीकडे.”

आई डावीकडे सरकली. हसू सरकले नाही; ते जिथल्या तिथे संपले.

मागे कोपऱ्यात परिचारिका उभी होती. तिला काहीतरी म्हणायचे होते, पण आता तीही सभासद झाली होती.

आणि वाचक महाराज, तुम्ही. आई हसली तिथेच गोष्ट संपवायला हवी होती, हे आत्ता मनात आलेच ना तुमच्या? सूचना विधायक आहे. फक्त आधी एक गुण सांगा.