रतिलालकाकांची गाडी विकायची आहे

आमच्या शेजारचे रतिलालकाका गाडी बघायला आलेल्या माणसाला खुर्ची देतात, चहा देतात आणि मग एक शब्दही बोलत नाहीत. फक्त त्याच्या हातांकडे बघत बसतात. कप ठेवून तो माणूस उठला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि इंजिन चालू न करताच त्याने तेल बघायची डिपस्टिक उपसली, की काका शांतपणे म्हणतात, "भाऊ, गाडी कालच विकाई गई."

माणूस गोंधळतो. गाडी तर समोर उभी असते.

"मग या म्हणून कळवलंत ते?"

"चहा पिवाले," काका म्हणतात.

दीड वर्षात ती गाडी अशी सात वेळा 'काल' विकली गेली. सुरतेहून एक जण जाकीट, हातमोजे, गुडघ्यांची कवचं असा सगळा साज घालून आला होता. तो चहा संपायच्या आधीच नापास झाला. नाशिकच्या एकाने तर स्वतःचा व्हिडिओ काढत काढतच डिपस्टिक ओढली. काकांनी त्याच्या कॅमेऱ्यातच बघून सांगितलं, "विकाई गई."

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल. साडेसहाशे सीसीची, परदेशी बनावटीची, घोड्याएवढी उंच आणि एकाच सिलिंडरची. डोंगर, वाळवंट, नद्या ओलांडायला बनवलेली. आमच्या लोणखेड्यात तिच्या वाट्याला केळीच्या बागा आल्या. तिच्यात तेल खाली इंजिनात साठत नाही, वर फ्रेमच्या पोकळ नळीत साठतं. गाडी उभी राहिली की ते हळूहळू खाली उतरतं. त्यामुळे गाडी थंड असताना नळीतली डिपस्टिक कोरडीच निघते. बघणारा घाबरतो आणि लिटरभर तेल ओततो. मग गाडी तापली की जास्तीचं तेल एअर फिल्टरमधून बाहेर येतं. म्हणून आधी दहा मिनिटं इंजिन गरम करायचं, बंद करायचं आणि मगच तेल बघायचं.

काका म्हणतात, "जो दहा मिनिट थांबू शकत नही, त्याले मी गाडी कसाले देऊ?"

ही गाडी घरात कशी आली, ते काकी सांगतात. मंजुळाकाकींचा आवाज चार घरं ओलांडून जातो, म्हणून ही गोष्ट मला शेजारी राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात, भिंतीपलीकडून कळली. खूप वर्षांपूर्वी केळी चांगली आली होती. काका ट्रॅक्टर घ्यायला सुरतेला गेले. इकडे काकींनी हार, नारळ, हळदकुंकू तयार ठेवलं. गल्लीतल्या बायका जमल्या. संध्याकाळी आवाज आला ट्रॅक्टरसारखाच, पण वळणावरून दोनच चाकं आली. सगळ्या बायका काकींकडे बघायला लागल्या. काकींनी न बोलता हार हँडलला घातला, नारळ फोडला आणि मग पुढची सगळी वर्षं बोलत राहिल्या. त्या गाडीला अजून 'तुमना ट्रॅक्टर' म्हणतात.

माझी आणि काकांची ओळख त्या गाडीच्या इंग्रजी पुस्तकामुळे झाली. मी घरून काम करते, फारशी कुणाकडे जात नाही. एका रविवारी सकाळी काकांनी कंपाउंडवरून हाक मारली.

"ए पोरी, तू इंग्लिश मिडियमनी ना?"

मी मान हलवली.

"मंग आठे ये. हाई वाची दाखाड."

पुस्तकाच्या पानांवर तेलाच्या बोटांचे ठसे होते. काकांना त्यातलं सगळं पाठ होतं. मी एक ओळ वाचली की पुढची ते अहिराणीतून सांगायचे. तरी ते मला बोलवत राहिले. मी वाचायची आणि ते पान्याने काहीतरी आवळत असायचे. हळूहळू पुस्तक मागे पडलं आणि माझं काम बदललं. ते गाडी सुरू करायचे, हात इंजिनावर ठेवायचे आणि विचारायचे, "काय ऐकू येस?"

"आवाज," मी म्हणाले.

"आवाज ते शेच. कसा आवाज?"

माझी पंचाईत झाली. मला आवाजांसाठी कुठल्याच भाषेत शब्द नव्हते. काकांनी ते एकेक करून दिले. टकटक म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी टॅपेट. खरखर म्हणजे आतली साखळी सैल. फुसफुस म्हणजे सायलेन्सरचं गॅस्केट गेलं. टॅपेटची टकटक ऐकून मी एकदा घाबरले, तेव्हा ते हसले.

"टॅपेट वाजस ते चांगलं शे. गप्प व्हयनी का समजानं, आते व्हाल्व जळना."

मला वाटायचं, ते मला शिकवताहेत. मलाही बरं वाटायचं, कारण इथे बोलावं लागायचं ते फक्त एका यंत्राबद्दल. स्वतःबद्दल कुणी काही विचारत नव्हतं.

गाडी का विकायची, हे मात्र काका सांगायचे नाहीत. ते काकींनी सांगितलं. काकांना चक्कर येऊ लागली होती. प्रकाशा गावच्या पुलाच्या अलीकडे ते एकदा गाडीसकट शेतात गेले. कापसात पडले म्हणून वाचले. डॉक्टरांनी सांगितलं, तोल गेलाय, दुचाकी बंद. काका घरी येऊन म्हणाले, ठीक आहे, विकतो, पण कुणाला द्यायची ते मी ठरवणार. काकींना ते पटलं. पुढे सात जण रिकाम्या हाती परत जातील, याची त्यांना तेव्हा कल्पना नव्हती.

मग तो रविवार आला. काकांनी गाडी सुरू केली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी एवढा फटफटाट झाला की समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठून पळालं. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. मी कानांवर हात ठेवले. काकांनी नेहमीसारखा हात इंजिनावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आज कशी शे?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग गाडी बंद करून, त्यांच्या समोर उभी राहून हळूच म्हणाले, "काका, तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला आठवलं, ते नेहमीच माझ्या ओठांकडे बघायचे.

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आतून काकींचं बोलणं चालूच होतं. गॅस, दूधवाला, सुनेचा फोन, काकांची बनियन.

"तुन्ही काकीले सांगू नको."

"पण त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?"

"चाळीस वरीस व्हयनात, मी तिनं ऐकं कधी?" मग म्हणाले, "तिले समजनं ना, का माले ऐकू येत नही, ते ती बोलानं बंद करी टाकी."

मी सांगितलं नाही. तेवढं मला जमतं.

आठवा माणूस नवापूरकडून एसटीने आला. पायात साध्या चपला होत्या. नाव याकोब. पोल्ट्रीफार्मांवरचे जनरेटर दुरुस्त करतो म्हणाला. काकींनी चहा दिला. काका खुर्चीत बसले आणि त्याच्या हातांकडे बघू लागले. मीही बघत होते.

याकोबने कप खाली ठेवला, उठला आणि इंजिनावर उघडा तळवा टेकवला.

"थंड आहे. चालू करू का, काका?"

काकांनी मान हलवली. गाडी सुरू झाली. याकोब तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. फोन काढला नाही, बोलला नाही. दहा मिनिटांनी गाडी बंद केली, थोडं थांबला आणि मग डिपस्टिक काढून पुसली.

"तेल बरोबर आहे."

काकांचा चेहरा पडला. मी पहिल्यांदाच त्यांना एवढं अडचणीत आलेलं बघितलं.

"कार्बोरेटर दोन शेतस," काका घाईने म्हणाले. "रबरना पडदा फाटना ते?"

"फाटला तर गाडी वर ओढत नाही. माझ्याकडे जनरेटरचे असे पडदे येतात, तसा बसवून बघेन."

"चार्जिंग?"

"रेग्युलेटर तापतो ना या गाड्यांचा? वारा लागेल असा बाहेर काढून ठेवतो."

"टॅपेट?"

"थोडी वाजतेय. वाजू दे. गप्प झाली तर उघडेन."

काका माझ्याकडे वळले. काही चूक ऐकलीस का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. मी मान हलवली. नाही.

त्यांनी गाडीच्या टाकीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "थंडी गाडीमा तेल ओतानी चूक मीबी करेल शे. तोरणमाळना घाटमा. पायपासून डोकालोंग तेल."

"मी जनरेटरमध्ये केली होती," याकोब म्हणाला. "शेठने महिनाभर शिव्या दिल्या."

दोघं हसले आणि तिथे सौदा झाला. किती रुपयांना, ते मला माहीत नाही. काकांनी आतून एक पत्र्याची पेटी आणली. गॅस्केट, पडदे, क्लचची वायर, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. वर ते इंग्रजी पुस्तक ठेवलं. याकोब म्हणाला, मला इंग्रजी वाचता येत नाही. काका म्हणाले, "माले बी नही. कोनी तरी भेटस."

काकींनी गाडीला हळदकुंकू लावलं. पहिल्या दिवशी लावलं होतं म्हणून शेवटच्या दिवशीही लावायचं, असं काहीतरी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. आत जाऊनही त्यांचं बोलणं थांबलं नाही.

याकोब निघाला. काका फाटकापर्यंतसुद्धा गेले नाहीत. ओट्यावर बसले आणि मला शेजारी बसायची खूण केली. गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तसा त्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"येस का आवाज?"

"येतोय."

"दुसरा गिअरमा टाकी का?"

"टाकली. आता तिसरा."

"लवकर टाकी."

"नाही काका, वेळेवर टाकली. मोठ्या रस्त्याला लागला वाटतं."

खरं तर रस्त्यावरून उसाचा एक ट्रक गेला होता आणि त्या आवाजात गाडीचा आवाज केव्हाच विरून गेला होता. पण काका माझ्या ओठांकडे बघत होते.

"आते?"

"आता चौथा," मी म्हणाले. "एकसारखी चाललीये. टकटक आहे, पण थोडीच."

"खरखर?"

"अजिबात नाही."

"आते?"

"पाचवा. पुलाकडे निघाला."

काकांनी डोळे मिटले. मी एवढं सलग कुणाशी बोलले नव्हते, आणि आता थांबता येईना. डोळे मिटल्यावर त्यांना माझे ओठ दिसत नव्हते, म्हणून मी त्यांचा हात हलवला आणि त्यांनी डोळे उघडल्यावर सांगितलं, "आता सहावा टाकला, काका."

त्यांनी मान हलवली.

"पोरी, त्या गाडीले पाचच गिअर शेतस."

मी खाली बघितलं. माझे कान तापले. काकांनी माझ्या दंडावरचा हात काढला नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जाऊ दे सहावामा."