मामांच्या खिडक्या

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही: दादाशी अबोला धरल्यावर त्याच्या घरची खबर काढायला मी मामांना रविवारी जेवायला बोलवायचो. बायकोला वाटायचं, किती जीव आहे मामांवर!

मामा देवळाली कॅम्पात एकटे राहतात, कॉम्प्युटर शिकवतात. ताटात त्यांना वरणाला वाटी, भाजीला वाटी, लोणच्यालाही वाटी. कशाचा कशाला स्पर्श नको. आमच्या घरासाठी निळी पिशवी, शहरात द्वारका चौकात दादाकडे जायची खाकी. आमच्या चिवड्याचा दाणासुद्धा तिकडे पोचता कामा नये.

"दादाकडे परवा काय जेवलात?" मी हळूच गळ टाकायचो.

"ते त्या खिडकीतलं."

"अहो, भेंडी की वांगं, एवढंच सांगा!"

"विनू, ब्राउझर काय करतो? प्रत्येक साइटच्या खिडकीमागे वेगळी खोली बांधतो. एक कोसळली तरी दुसरी चालू. हिच्या पोटातलं तिला दिसत नाही. मेमरी जास्त खातो. खाऊ दे."

"मग खोल्यांनी एकमेकींशी बोलायचंच नाही का?" बायकोने विचारलं.

"बोलायचं की! पण थेट नाही. मधल्याला सांगायचं. तो तपासतो, मग पोचवतो."

आणि चपला घालताना दर वेळी मला विचारायचे, "तिकडे काही सांगायचंय?"

"काही नाही."

आईच्या दहाव्याला मी दादाला चारचौघांत म्हणालो होतो, "आजारपणात तू नुसता पाहुण्यासारखा आलास." रात्रपाळी करून तो थेट दवाखान्यात येऊन बसायचा, हे मला ठाऊक होतं. एकदा मामांपुढे रडलोही. त्यांनी पाणी दिलं. दादाला कळेल म्हणून महिनाभर वाट पाहिली, आणि मग मामांनाच तोंडावर दगड म्हणालो. पुढच्या रविवारी ते निळी पिशवी घेऊन हजर.

गेल्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगा, माझं चुकलं."

मामा एक चप्पल घालून तसेच पायरीवर बसले. कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "दोघांचं पोटात घेऊन फिरतोय रे. मेमरी भरत आली होती."

मग उठले आणि निळी पिशवी घेऊनच द्वारकेला गेले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. मामांच्या स्वतःच्या खिडकीत काय आहे, हे मात्र आम्ही दोघांनीही कधी विचारलेलं नाही. तेवढं देणं मी अजून लागतो.