मुकादमाच्या शेजारची खोली

"मला बघितल्याशिवाय तो अन्नाला तोंड लावायचा नाही," असं मास्तर सकाळपासून म्हणत होते. दाढी करताना म्हणाले, शर्टाला इस्त्री करताना म्हणाले, चपला घालताना पुन्हा म्हणाले. शेवटी मास्तरीणबाईंनी कुलूप हातात घेतलं आणि विचारलं, "मग निघायचं का, की इथे उभं राहूनच उपाशी मारताय त्याला?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. उभा जन्म दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात गेला. लेक परदेशात, म्हणून दोघं काही वर्षं तिच्याकडे राहून आली. पण तिथेही हा माणूस हातावर हात ठेवून बसेल तर शपथ. आख्ख्या गल्लीच्या पॅंटी आखूड करून दिल्या. तिथेच आखूड पायांचं, लोंबत्या कानांचं एक कुत्र्याचं पिल्लू घरात आलं आणि मास्तरांच्या मशीनशेजारी ठाण मांडून बसलं. मास्तर शिवत असले की ते टक लावून बघायचं, आणि मास्तर चहाला उठले की भुंकायचं. म्हणून त्याचं नाव पडलं मुकादम.

परत येताना मुकादमालाही आणलं. विमानातून उतरून माणसं घरी आली, मुकादम मात्र गेला क्वारंटाइनमध्ये. बाहेरच्या देशातून आलेलं जनावर सोबत एखादा रोग घेऊन आलंय की काय, याची खात्री होईपर्यंत सरकारी केंद्रात ठेवून घेतात. तेव्हापासून मास्तरांना घर खायला उठलं होतं. उशीचा अभ्रा शिवायला बसले तरी मध्येच थांबून मशीनखाली बघायचे, आणि तिथे कुणीच नसायचं.

"अहो, कुत्रं आहे ते," मास्तरीणबाई म्हणायच्या. "तुमचं नाही आणि माझंही नाही. जो ताटली पुढे करील त्याचं."

हे मात्र मास्तरांच्या जिव्हारी लागलं. इतकी वर्षं पायाशी बसलेला जीव, आणि म्हणे ताटलीचा! "बघशीलच तू," ते म्हणाले. "मला पाहिल्याबरोबर कशी झेप घेतो ते बघ."

केंद्र गावाबाहेर होतं. चुना मारलेली बैठी इमारत, लांबलचक व्हरांडा, ओळीने जाळीच्या खोल्या आणि सगळीकडे फिनेलचा वास. दाराशी खाकी पॅंटीतला राखणदार बसला होता.

"काही खाल्लं का हो त्याने?" मास्तरांनी विचारलं.

"कोण, तो आखूड पायांचा? स्वतःचं खातो आणि मग शेजारच्याकडे बघत बसतो," राखणदार म्हणाला. "एकानेच आत जायचं, आजोबा. आणि हे घालून."

'हे' म्हणजे एक पांढरा झगा होता. टाचेपासून डोक्यावरच्या टोपीपर्यंत सगळं एकातच. वर तोंडाला मास्क, हाताला रबरी मोजे, पायात गमबूट, आणि हे सगळं चढवल्यावर अंगभर औषधाचा फवारा. आतला रोग बाहेर यायला नको म्हणून हा सगळा थाट. झग्यात मास्तरांसारखे दोन मास्तर सहज मावले असते. त्यांनी बाहीची शिवण उलटी करून बघितली आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"कुणी शिवलंय हे?"

"कंपनीतून येतात, आजोबा."

"कंपनीला डोळे नाहीत वाटतं."

मास्तर झगा फरफटत आत गेले. मास्तरीणबाई बाहेर खिडकीच्या काचेपाशी उभ्या राहिल्या. मुकादम ऐसपैस पसरला होता. त्याने एक डोळा उघडला, उठून गमबुटाचा वास घेतला, त्यावर तंगडी वर केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"अरे मुकादम, मी रे," मास्तर मास्कमधून म्हणाले.

मुकादम भुंकला, पण उत्तर म्हणून नव्हे. चोर आल्यावर भुंकतात तसा भुंकला. तेवढ्यात तसाच झगा घातलेला राखणदार ताटली घेऊन आला, तर मुकादमाची नुसती शेपूट नाही, कमरेपासून मागचा सगळा कुत्रा हलायला लागला. त्याने जी झेप घेतली ती राखणदाराच्या पोटापर्यंत गेली.

"झेप छान घेतो हो," मास्तर बाहेर आल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या.

घरी जेवताना मास्तरांना एकदम उमगलं. "चूक त्याची नाहीच मुळी," ते म्हणाले. "त्याने मला जन्मात कधी ढगळ कपड्यात बघितलंय का? ओळखणार कसा तो? दोष झग्याच्या फिटिंगचा आहे."

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

पुढच्या भेटीला मास्तर गेले ते कॉलरच्या आत दोरा ओवलेली सुई घेऊनच. ती तशी कायमच तिथे असायची. मास्तरीणबाई डॉक्टरीणबाईंना भेटायला आत गेल्या, मुकादम कधी सुटेल ते विचारायला. इकडे कपडे बदलायच्या खोलीत मास्तरांनी कडी लावली, दातांनी टाके उसवले आणि कामाला लागले. दोन्ही बाजू आत घेतल्या, बाह्या चढवल्या, मागून चुण्या मारल्या, कंबर तर अशी बसवली की हात फिरवून पुन्हा पुन्हा बघत राहावं. बाहेर आले तेव्हा राखणदार उभाच राहिला.

"आजोबा, तुम्हाला वेगळा झगा दिला का हो?"

मास्तर नुसते हसले. रुबाबात मुकादमाच्या खोलीत शिरले आणि त्याच्यासमोर, घरी बसायचे तसे, उकिडवे बसले.

फर्र्र असा आवाज झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मास्तर पुढे ती भेटेल त्याला सांगत सुटले. मास्तरांची एकही शिवण हलली नाही. उसवली ती कंपनीची, पाठीमागची, वरपासून खालपर्यंत. त्यातून मास्तरांच्या चौकटीच्या शर्टाचं टोक बाहेर आलं. मुकादमाने त्याचा वास घेतला, कान टवकारले, कुई कुई करत भोवती एक चक्कर मारली आणि त्या भोकातून डोकं खुपसून तो सरळ झग्यात शिरला. मास्तर "अरे, अरे" म्हणेपर्यंत पाठीवरून खांद्यापर्यंत पोचलासुद्धा. झगा मूळचा दोघांना पुरणारा होता, पण आता मास्तरांनी तो नेमका एकाच्या मापाचा करून ठेवला होता. टोपीतून दोन डोकी बाहेर आली आणि दोघंही जागच्या जागी अडकली. मुकादम मास्तरांचा कान चाटत होता आणि मास्तर आनंदाने ओरडत होते, "ओळखलं! अगं, ओळखलं मला!"

राखणदाराने शिट्टी फुंकली. डॉक्टरीणबाई कात्री घेऊन धावत आल्या, मागोमाग मास्तरीणबाई. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या कापायला लागल्या, तर आतून मास्तरांचा आवाज, "असं आडवं नाही, शिवणीवरून कापा."

दोघांना वेगळं केल्यावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला. "आतल्या जनावराशी उघडा संपर्क आला तर तोही आत राहणार. असा नियम आहे."

"अहो, पण हे माणूस आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नियमात 'जो कोणी' असं लिहिलंय."

मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही. "बघितलंस ना? ताटलीचा म्हणे!"

"खिसा दाखवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

शर्टाच्या खिशातून अर्धं बिस्किट निघालं. विमानातलं होतं, मास्तर विसरूनच गेले होते.

मास्तरांना मुकादमाच्या शेजारची खोली मिळाली. एक खाट टाकली, पाण्याचं भांडं मुकादमासारखंच दिलं. मधल्या भिंतीला कान लावून मास्तर विचार करत बसायचे. ओळखलं ते मला, की बिस्किटाला? पलीकडून घोरण्याचा आवाज यायचा. त्यातून काही निष्कर्ष निघत नव्हता.

रिकामा वेळ जाता जात नव्हता, म्हणून त्यांनी राखणदाराला म्हटलं, "तुमची पॅंट मागून लोंबते. द्या इकडे." राखणदाराने खूश होऊन दुसरी पॅंट दिली. मग स्वयंपाक्याने दिली, झाडूवाल्याने दिली. डॉक्टरीणबाईंनीही एक पांढरा कोट लांबूनच जाळीखालून सरकवला. मास्तरांनी एकेक कपडा बेतून, शिवून, घडी घालून ठेवला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आत गेलेली वस्तू मास्तर सुटेपर्यंत बाहेर येत नाही. तोही नियमच. त्यानंतर राखणदाराची अंगातली पॅंट तिथल्या एका कुत्र्याने फाडली, तर तो दाराशी टॉवेल गुंडाळून बसू लागला. येणारे-जाणारे अदबीने नजर खाली घालायचे. वर मान करून बसायचं म्हणजे त्या बिचाऱ्याला जड जात असेल.

मुकादमाची सुटका मास्तरांच्या आधी झाली. साहजिकच होतं, तो आधी आला होता. मास्तरीणबाई पट्टा घेऊन आल्या. मास्तर जाळीला नाक लावून उभे राहिले. आता कळणार होतं काय ते. हातात बिस्किट नाही, ताटली नाही, नुसते मास्तर.

"मुकादम," त्यांनी हाक मारली.

मुकादम समोरून दुडक्या चालीने गेला. त्याला उघडं फाटक दिसत होतं. थांबला नाही, वळला नाही, उडी मारून गाडीत बसला आणि खिडकीतून तोंड काढून वारा खात निघून गेला.

"जेवायला आणू?" राखणदाराने विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. संध्याकाळीही त्यांनी ताटाला हात लावला नाही. डॉक्टरीणबाई येऊन त्यांची जीभ बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकापाशी आरडाओरडा ऐकू आला. मास्तरीणबाई पट्टा धरून येत होत्या, म्हणजे खरं तर पट्टाच त्यांना ओढून आणत होता. केस सुटलेले, एका पायात चप्पल.

"धरा हो याला कुणीतरी! घरी गेल्यापासून तुमच्या मशीनखालून हलला नाही," त्या धापा टाकत म्हणाल्या. "दूध नको, अंडं नको, बिस्किटांचा पुडा फोडून ठेवला तरी ढुंकून बघितलं नाही. सारखा आपला रडतोय. मशीन मी चालवून बघितलं, तर माझ्यावरच भुंकला."

राखणदाराने अडवायला हात पुढे केला, पण त्याचा दुसरा हात टॉवेलात गुंतला होता. मुकादम पट्टा सोडवून थेट मास्तरांच्या जाळीवर आदळला. नाक आत घालायला बघत होता, कळवळून ओरडत होता, पंजांनी जाळी खरवडत होता. मास्तरांनी जाळीला गाल लावला. मुकादम त्यांचा गाल चाटत राहिला आणि मास्तर लहान मुलासारखे रडले.

"हरले बाई मी," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनीही पदर डोळ्यांना लावला.

शिट्टी वाजली. डॉक्टरीणबाई आल्या. जाळीकडे बघितलं, गालाकडे बघितलं, चष्मा सारखा केला. "बाहेरचं जनावर, आतल्याशी उघडा संपर्क. याला पुन्हा पहिल्यापासून ठेवावं लागेल. तुम्ही उद्या सुटाल, आजोबा."

"हरकत नाही," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "मी रोज येईन ना भेटायला." आणि त्यांची नजर खुंटीवरच्या नव्या झग्याकडे गेली. "फक्त काखेत जरासा..."

मास्तरीणबाईंनी झग्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं. मग पायातली उरलेली चप्पल काढून शांतपणे बाकावर बसल्या.

"डॉक्टरीणबाई, पलीकडची खोली रिकामी आहे का? मलाही ठेवून घ्या. दोन वेळचं आयतं मिळेल, आणि या दोघांच्या नि माझ्यामध्ये एक भिंत असेल."

"असं कुणालाही ठेवता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतल्याशी उघडा संपर्क आलाय का तुमचा?"

"आलाय ना," मास्तरीणबाई म्हणाल्या. "लग्न झालं त्या दिवसापासून."