खिरीतला भूप

“यंदा माझा जलतरंग होणार म्हणजे होणार! आणि असा होणार, की लोक घरी जाऊन स्वतःच्या वाट्यांकडे आदराने बघतील!”

दामोदर टिळेकरांनी ही घोषणा सकाळच्या चहाला केली आणि पुरावा म्हणून चमच्याने कपावर एक टिचकी मारली. सुचेताबाईंनी कप काढून घेतला. निवृत्तीनंतर नवरा भाजी आणेल, पासबुक भरून आणेल, निदान पेपर वाचत गप्प बसेल, अशा त्यांच्या साध्या अपेक्षा होत्या. पण दामोदरराव कारखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी जलतरंगाच्या मागे लागले.

जलतरंग म्हणजे चिनी मातीच्या वाट्या, त्यांत कमीजास्त पाणी आणि हातात दोन काड्या. ऐकायला किती सोपं! पण प्रत्येक सुराची वाटी वेगळी असते, आणि ती दिसून कळत नाही, वाजवून कळते. त्यामुळे दामोदरराव खिशात काडी घेऊन सगळं बेंगळुरू वाजवत हिंडले. चिकपेटेतल्या एका दुकानदाराने तासभर ठणठण ऐकून शेवटी हात जोडले, “सार, तगोळ्तीरा, इल्ल बरी बारिस्तीरा?” घेणार आहात, की नुसतं वाजवणार आहात? दामोदरराव म्हणाले, “सूर सापडला तर घेणार!” आणि पुढच्या रांगेतल्या बरण्या वाजवायला लागले.

व्याह्यांच्या घरी तर कहरच झाला. आमटी वाढल्यावर वाटीवर काडी मारून ते ओरडले, “अहो, हिच्यात निषाद आहे! शुद्ध निषाद!” व्याही बिचारे दचकले. त्यांना वाटलं, आमटीत काहीतरी पडलं. त्यांनी वाटी धुऊन, कागदात बांधून देऊन टाकली. तेव्हापासून टिळेकर आले, की त्या घरात स्टीलची भांडी निघतात.

वाट्या जमल्या, हात बसला. राहिला कार्यक्रम.

मल्लेश्वरमच्या मराठी मंडळात दर महिन्याला रविवारी दुपारी गावातल्याच कलाकारांची बैठक होई. कुणी नोकरी सांभाळून गाणारं, कुणी मुलांच्या शाळा सांभाळून पेटी वाजवणारं. कलाकार ठरवायचे सेक्रेटरी प्रतापराव घाटगे. त्यांचं घराणं बेंगळुरात कितीतरी पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असे आणि ती त्यांना स्वतःलाच कळत नसे.

“दामोदरअण्णा, गाणं लावलं तर माणसं बसतात,” प्रतापरावांनी समजावलं. “वाद्य लावलं, की एकेकाला घरचा गॅस आठवतो. त्यात आता घरोघर केबल आलंय. स्वल्प विचार करा की.”

“विचार झाला! एक बैठक द्या. माझा कार्यक्रम चालू असताना एक जरी माणूस उठून गेला, तरी या वाट्या मी कायमच्या स्वयंपाकघरात देऊन टाकतो!”

सुचेताबाई शेजारीच होत्या. त्यांनी या वाक्याकडे विशेष लक्ष दिलं.

“सरी, ठीक आहे,” प्रतापराव म्हणाले. “पण हॉल संध्याकाळी साखरपुड्याला दिलाय. वेळेवर सोडायला पाहिजे.”

ठरल्या रविवारी टिळेकर दांपत्य रिक्षाने निघालं. वाट्या गोधडीत गुंडाळून टोपलीत, टोपली सुचेताबाईंच्या मांडीवर, आणि दामोदररावांच्या पायाशी पाण्याचा कॅन. त्या दिवशी मल्लेश्वरमच्या नळांना कावेरीचं पाणी यायचं नव्हतं. “निधान होगप्पा, निधान!” हळू चल बाबा, हळू, असं ते रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवून दर वळणाला विनवत होते. तरी प्रत्येक खड्ड्यात टोपलीतून अख्खं सप्तक वाजत होतं. रिक्षावाला दोनदा खाली उतरून इंजिन बघून आला.

हॉलच्या मागे दोन खोल्या होत्या. उजवीकडच्या खोलीत मंडळाची भांडीकुंडी, डावीकडची कलाकारांसाठी. तबल्याच्या साथीला रघुपती येऊन बसला होता. हा मूळचा निपाणीचा, बँकेत नोकरीला, आणि स्वभावाने इतका शांत, की तबला वाजवतानासुद्धा त्याला झोप लागली आहे असं वाटे.

“काका, गर्दी बरी आहे,” तो म्हणाला. “पाहुण्या अंबूबाई आल्यात. पहिल्याच रांगेत.”

अंबूबाई म्हणजे धारवाडकडच्या जुन्या गायिका. आता थकल्या होत्या, मुलीकडे राहायला आल्या होत्या, पण कान असे, की बाहेरच्या भाजीवाल्याची आरोळी बेसूर लागली तरी खिडकी लावून घेत!

बाहेर महिलांचं भजनी मंडळ रंगात आलं होतं. आत दामोदररावांनी वाट्या अर्धगोलात मांडल्या आणि सूर लावायला घेतले. चमच्याने पाणी घालायचं, थेंबाने काढायचं, कान टेकवायचा, पुन्हा थेंब. औषध बनवणारा वैद्यही इतका जपून वागत नसेल. शेवटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काडी फिरवली आणि खोलीत चांदण्यासारखा स्वर पसरला. रघुपतीने चक्क डोळे उघडले.

“सुचेता, आता इथून हलायचं नाही,” दामोदरराव म्हणाले. “वाटीला धक्का लागला तर थेंब सांडेल. थेंब सांडला तर सूर जाईल. सूर गेला तर मी जाईन!” आणि ते रेशमी झब्बा घालायला रघुपतीला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले.

झब्बा अंगात गेला. गुंड्या मात्र सापडेनात. दामोदररावांनी व्हरांड्यातून हाक मारली, “अगं सुचेता! गुंड्या कुठे ठेवल्यास?”

“तुम्हीच म्हणालात हलायचं नाही!”

“आता मीच म्हणतोय, हल!”

सुचेताबाई हलल्या.

नेमकं भजन संपलं आणि मध्यंतर झालं. मध्यंतरात शेवयांची खीर आणि चहा, हा मंडळाचा रिवाज. खानपानाच्या प्रमुख गोजराबाई. त्या पुढे असल्या, की माणूस उपाशी घरी जाणं अशक्य. पण त्या दिवशी वाट्या कमी पडल्या. प्रतापराव हॉलच्या दारातून ओरडले, “अक्का, पलीकडच्या खोलीत बघा, आणखी आहेत!”

पलीकडची खोली! प्रतापरावांच्या मनात भांड्यांची खोली होती, पण गोजराबाई स्वतः तेव्हा तिथेच उभ्या होत्या, म्हणून त्यांना पलीकडची ती डावीकडची वाटली. आत जाऊन बघतात तर काय, सुंदर पांढऱ्या वाट्या, ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत स्वच्छ पाणी! “कुणाला तरी अक्कल आहे म्हणायची,” त्या कौतुकाने म्हणाल्या. “धुऊन, विसळून ठेवल्यात.”

दामोदरराव गुंड्या लावून, अत्तर लावून परत आले. खोलीत सतरंजी होती. सतरंजीवर दोन काड्या होत्या. वाट्या नव्हत्या!

“चोरी!” त्यांच्या तोंडून किंकाळी फुटली.

“काका,” रघुपती दाराच्या फटीतून हॉलमध्ये बघत शांतपणे म्हणाला, “चोरी नाही. लोक खाताहेत.”

दामोदररावांनी पाहिलं. पहिल्या रांगेत पंचम होता, त्यात बेदाणे तरंगत होते. दुसऱ्या रांगेत एक गृहस्थ धैवत चाटून पुसून साफ करत होते. त्यांचा लहान नातू तीव्र मध्यमावर चमचा आपटत होता, आणि बेसूर आपटत होता!

“गोजराबाई! माझं पाणी?”

“टाकलं नाही हो अण्णा!” गोजराबाई अभिमानाने म्हणाल्या. “पाण्याच्या दिवसात कोण टाकतं? चहात घातलं, कॅनमधलंसुद्धा.”

म्हणजे अर्धी सभा सूर खात होती आणि अर्धी पीत होती.

“शेजारून पाणी आणू?” रघुपतीने विचारलं.

“शेजारी काय वेगळी कावेरी आहे?” प्रतापराव घड्याळ बघत आले. “अण्णा, सोडा आज. पुढे कधीतरी बघू. साखरपुड्यावाले गेटवर आलेत. अंबूबाईंना एक अभंग म्हणायला लावून संपवतो.”

क्षणभर दामोदररावांचे खांदे पडले. चिकपेटेतली वणवण, व्याह्यांची नाराजी, रोज पहाटे चालवलेल्या काड्या, सगळं त्या खिरीत बुडताना त्यांना दिसलं. सुचेताबाईंनाही ते दिसलं. इतके दिवस त्या वाट्यांवर त्यांचा राग होता, पण नवऱ्याचा तो चेहरा काही त्यांना बघवेना.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “पाण्याने सूर लागतो, तर खिरीने नाही लागणार?”

दामोदररावांनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नातही पाहिलं नव्हतं.

“लागेल! न लागून जातो कुठे?”

ते काड्या घेऊन थेट मंचावर चढले. “रसिकहो! कुणीही खाऊ नका! म्हणजे, मी सांगेन तेवढंच खा!”

सभेचे चमचे तोंडाशी थांबले.

दामोदरराव खाली उतरले आणि रांगेतून हिंडत एकेका वाटीवर काडी मारू लागले. “ही संपली, जाऊ द्या... ही चालेल... काकू, आणखी एक चमचा खा. एकच! बास! मिळाला रिषभ!” वाटी रिकामी होईल तसा सूर चढतो, हे सभेला हळूहळू कळलं आणि लोकांना हुरूप आला. “टिळेकर, माझी बघा!” “माझ्या वाटीत काय आहे हो?” ज्यांच्या हातात स्टीलच्या वाट्या होत्या ते उगाचच खट्टू झाले. नातवाकडून तीव्र मध्यम काढून घ्यायला तिघं लागले, पण तो सूर नकोच होता. दामोदररावांनी मनातला अवघड राग केव्हाच सोडला होता. भूपाला पाचच सूर पुरतात. भूप!

पंचम, धैवत, रिषभ जमले आणि मंचावर मांडले गेले. गंधार मात्र अंबूबाईंच्या हातात होता आणि त्यांची वाटी काठोकाठ भरलेली. मुलगी रंजिता शेजारी पहारा देत बसली होती.

“आईला गोड वर्ज्य आहे,” रंजिता म्हणाली. “एक चमचासुद्धा नाही.”

दामोदररावांनी काडी मारली. “बाई, गंधार खाली आहे.”

“ऐकू येतंय मला,” अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग खिरीकडे. “रंजिता, कलेचा प्रश्न आहे.” आणि त्यांनी चमचा भरला. काडी वाजली. “अजून खाली आहे,” त्यांनीच निकाल दिला आणि दुसरा चमचा घेतला. तिसऱ्याला दामोदरराव म्हणाले, “लागला बाई!” “कुठला लागतोय? किंचित कमी आहे,” म्हणून त्यांनी आणखी एक खाल्ला. त्यांच्या कानाला आव्हान देणार कोण?

षड्जाची वाटी सर्वांत मोठी. ती प्रतापरावांसाठी वेगळी काढून ठेवलेली, त्यांना धावपळीत खायला वेळच झाला नव्हता. दामोदररावांनी तिच्यातली थोडी खीर पातेल्यात परत ओतली आणि रघुपतीने तबल्यावर थाप मारली. जुळला!

आणि वाजला की भूप! पाण्यासारखा खणखणीत नव्हे, जरा मऊ, जरा जाडसर, दुलईतून आल्यासारखा. पण वाजला. काडीला चिकटलेल्या शेवया झटकत, उडणारे बेदाणे चुकवत दामोदरराव वाजवत होते. घाम गाळत होते, पण थांबत नव्हते. मध्येच खीर निवून घट्ट व्हायला लागली, तसा धैवत ढळला. “दूध!” ते वाजवता वाजवता ओरडले. गोजराबाई पातेलं घेऊन मंचावर धावल्या आणि समेवर बरोबर दूध पडलं. सभेने वाहवा केली! रघुपती आयुष्यात पहिल्यांदा टक्क जागा होता. खिडक्यांत साखरपुड्याचं वऱ्हाड उभं होतं, नवरी मुलगीसुद्धा टाचा उंचावून बघत होती. कुणी उठलं नाही. उलट माणसं वाढली.

शेवटच्या तिहाईला टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्याने प्रतापरावांचे डोळे ओले झाले. “अण्णा, पुढच्या वर्षी पुन्हा तुमचंच. सरी?”

अंबूबाई मुलीच्या हाताला धरून मंचाजवळ आल्या. “गंधार छान होता,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “अगदी आतपर्यंत गेला.”

सभा पांगली. साखरपुड्यावाल्यांनी खुर्च्या लावायला घेतल्या. सुचेताबाई वाट्या गोळा करताना एकेक स्वतःच्या पदराने पुसत होत्या, आणि दामोदरराव मंचाच्या कडेला टेकून बसले होते. आता कुठे त्यांच्या लक्षात आलं, की सकाळपासून पोटात चहापलीकडे काहीच नाही.

“गोजराबाई, माझ्या वाट्याची खीर?”

गोजराबाईंनी रिकामं पातेलं उलटं करून दाखवलं. “तुम्हीच वाजवलीत की सगळी! ती मोठी वाटी तेवढी राहिलीय.”

दामोदररावांनी षड्ज जवळ ओढला. आत निवलेल्या शेवया होत्या, मघाशी जरा जास्तच पडलेलं दूध होतं आणि वर काडीचे व्रण. त्यांनी एक चमचा तोंडात घातला. दुसऱ्या हातातली काडी सवयीने वाटीवर वाजली. त्यांनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि कलावंताच्या निष्ठुर प्रामाणिकपणाने म्हणाले,

“किंचित उतरलाय.”

“उतरलीय?” गोजराबाई कंबरेवर हात ठेवून गरजल्या. “माझी खीर? अहो, दुपारी केलीय, ताज्या दुधाची!”

“खीर नाही हो, षड्ज—”

“ते काही मला सांगू नका! एवढ्या लोकांनी खाल्ली, पाहुण्या बाईंनी मागून मागून खाल्ली, कुणाला काही झालं नाही, आणि तुम्हाला बरी उतरलेली लागली!”

दामोदररावांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. सुचेताबाई पंचम पुसण्यात फार गुंतल्या होत्या. मग दामोदररावांनी मान खाली घातली आणि मुकाट्याने, वाटीला चमचा लागू न देता, अख्खा षड्ज संपवला.