चाकांवरचा अलामंडा

सुहासिनीबाई मुलीकडे नाशिकला निघाल्या. रिक्षा दारात आली होती, तरी त्या अंगणात थांबल्या आणि अलामंड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दहा दिवसांनी येतेय मी. तोवर याला एक तरी फूल आलं नाही, तर या ड्रममध्ये कढीपत्ता लागेल."

"तीन वर्षं थांबलो, अजून थोडं..." त्यांचे यजमान जगदेवराव म्हणाले.

"तीन वर्षं आपण पालेभाजी वाढवतोय," असं म्हणून त्या रिक्षात बसल्या.

जगदेवराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तळव्याएवढ्या पिवळ्या घंटांचा फोटो पाहून त्यांनी हे झुडूप आणलं होतं. शेणखत, ताक, कांद्याच्या सालींचं पाणी, सगळं घालून झालं. पानं इतकी यायची की खिडकी झाकली गेली. फूल मात्र एकही नाही.

त्याच दुपारी ते छाणीच्या नर्सरीवाल्याकडे गेले. "काका, आने तडको जोईए," तो म्हणाला. "रोजना छ कलाक."

रोजचे सहा तास ऊन आणायचं कुठून? समा भागातल्या त्यांच्या सोसायटीत तळमजल्याच्या अंगणाला ऊन मिळायचं जेमतेम दीड तास. ऊन झाडाकडे येत नसेल, तर झाडाने उन्हाकडे जायला हवं, असा विचार करून जगदेवरावांनी छाणीतल्याच एका वर्कशॉपमधून लोखंडी स्टँड करून आणला. त्याला चार चाकं. दुसऱ्या दिवसापासून अलामंडा फिरायला निघाला. आठला पाण्याच्या टाकीजवळ, अकराला फाटकाशी, दोनला वरच्या मजल्यावरच्या विक्रमसिंहांच्या पार्किंगमध्ये. विक्रमसिंह एकदा जेवायला लवकर घरी आले आणि गाडी रस्त्यावर लावून मुकाट्याने वर गेले. झाडाला हॉर्न देऊन उपयोग नसतो, हे त्यांना पाचव्या हॉर्नला कळलं होतं.

सहाव्या दिवशी झाड फाटकाशी ठेवून जगदेवराव आंघोळीला गेले. परत येऊन बघतात तर जागा रिकामी.

"ए तो मंडपवाळा लई गया," वॉचमन म्हणाला. "कोमलबेनना लग्ननां कुंडां अहीं मूकेलां हतां ने, भेगुं ए पण गयुं." सोसायटीतल्या कोमलबेनच्या लग्नासाठी ठेवलेल्या कुंड्यांबरोबर मंडपवाल्यांनी अलामंडाही उचलला होता.

जगदेवराव लेंगा-बनियनवर शर्ट चढवून स्कूटरवरून लग्नाच्या मैदानावर, पार्टी प्लॉटवर पोचले. अलामंडा स्टेजवर होता, नवरा-नवरीच्या खुर्च्यांशेजारी. ड्रमला सोनेरी कापड गुंडाळलेलं आणि फांदीफांदीला तारेने प्लास्टिकची पिवळी फुलं बांधलेली.

"हे माझं झाड आहे," ते डेकोरेशनवाल्याला म्हणाले.

"लई जजो ने, काका. पण फंक्शन पछी. अत्यारे खाली करीश तो फोटामां खाडो देखाशे." आत्ता झाड हलवलं तर फोटोत रिकामी जागा दिसेल, ही त्याची अडचण.

तेवढ्यात फोन वाजला. सुहासिनीबाईंचा व्हिडिओ कॉल. जगदेवराव तो कापायला गेले आणि घाईत उचलून बसले.

"अहो, कुठे आहात? मागे ते..." सुहासिनीबाईंनी चष्मा वर केला. "फांदीला माझ्या निळ्या साडीचा काठ बांधलाय. आपलंच झाड ना ते? अगबाई, किती फुलं आली!"

"बरीच आहेत," जगदेवराव म्हणाले.

"आणि सनई कसली वाजतेय?"

"इथे जवळच लग्न आहे."

 त्यांनी डोळ्यांना पदर लावलेला दिसला आणि जगदेवरावांची खरं सांगायची हिंमत तिथेच संपली. अर्ध्या तासात सुहासिनीबाईंनी पडद्यावरून काढलेला फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला. "मी उद्याच येते," असा निरोप आला.

संध्याकाळी झाड घरी पोचलं. "तार काढवामां टाइम लागशे, फूल तमने गिफ्ट," असं म्हणून टेम्पोवाला निघून गेला. सकाळी फुलं काढून टाकू आणि वाऱ्याने गेली म्हणून सांगू, असं जगदेवरावांनी ठरवलं. पण सातलाच मांडवीहून अहल्यावहिनी, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाच्या पत्नी, दोन मैत्रिणींसह हजर झाल्या. मागोमाग सोसायटीतल्या बायका आल्या. फाटकातूनच फोटो सुरू झाले.

"किती टवटवीत! एक पाकळी मलूल नाही," अहल्यावहिनी म्हणाल्या. "भावजी, घालता काय याला?"

"ऊन," जगदेवराव क्षीण आवाजात म्हणाले.

तेवढ्यात रिक्षा थांबली. सुहासिनीबाई बॅगसकट थेट झाडापाशी गेल्या. एक फूल बोटांत धरलं. दाबलं. मग देठाला लागलेली तार पाहिली आणि सावकाश मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. जगदेवरावांनी नजर जमिनीवर नेली.

मागून अहल्यावहिनी पुढे सरसावल्या. "मीही बघते गं, वास येतो का."

"नको वहिनी, लांबच राहा," सुहासिनीबाई वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "याचा चीक फार वाईट. हाताला लागला तर दोन दिवस खाज जात नाही."

सगळ्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. सुहासिनीबाईंनी सर्वांना चहा पाजला, तीन जणींना पावसाळ्यात फांदी द्यायचं कबूल केलं आणि एकेकीला फाटकापर्यंत पोचवलं. मग दार लावून घेतलं.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"साठ," जगदेवराव म्हणाले. "आत्ता काढतो सगळी."

"वेडे आहात का? साठ फुलं एका दिवसात गळतात कुठे? रोज दोन काढा," त्या पदर खोचत म्हणाल्या. "महिना निघेल. तोवर झाडाने आपलं काय ते ठरवावं."